मान्यतेचा कागद आणि पायाखालची जमीन

२१ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल या चार देशांनी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सने दिली. वर्तमानपत्रांचे मथळे लंडन आणि पॅरिसवर होते. वसईत राहणाऱ्या माणसाची नजर मात्र चौथ्या नावावर अडते. याच पोर्तुगालने १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षं वसईच्या किल्ल्यातून उत्तर कोकणावर राज्य केलं. गोवा भारतात आल्यावर ते मान्य करायला याच देशाने तेरा वर्षं लावली. एखाद्या भूमीवर राज्य कुणाचं आणि ते मान्य करायचं कोणी, हा प्रश्न आमच्या किनाऱ्याने अनेकदा सोसला आहे. म्हणून पॅलेस्टाईनच्या मान्यतेचा वाद मला इथूनच पाहावासा वाटतो.

आज संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी १५७ देश पॅलेस्टाईनला राष्ट्र मानतात. यासर अराफत यांनी १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जियर्समध्ये राष्ट्राची घोषणा केली आणि तीनच दिवसांनी भारताने तिला मान्यता दिली. तरीही त्या राष्ट्राच्या ताब्यात ना स्वतःच्या सीमा आहेत, ना बंदर, ना विमानतळ. बाजारात चालतं ते इस्रायलचं शेकेल हे चलन. त्यामुळे टीकाकार विचारतात, या मान्यतेने काय साधलं? समर्थक म्हणतात, तीही नसती तर या लोकांकडे काय उरलं असतं?

पालघर जिल्ह्याच्या उत्तर वेशीवर एकदा याच्या नेमकं उलट घडलं होतं. तिथे जमीन होती, माणसं होती, चालता कारभार होता, आणि जगात एकाही देशाची मान्यता नव्हती.

तलासरी ओलांडून पुढे गेलं की दादरा आणि नगर हवेलीचा मुलूख लागतो. १९५४ पर्यंत तिथे दमणहून पोर्तुगीज अंमल चाले. त्या वर्षी २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या कार्यकर्त्यांनी दादरा घेतलं. पाठोपाठ आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक नगर हवेलीत शिरले, आणि गोव्याचे कम्युनिस्टही स्वतंत्रपणे उतरले. २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. या लढ्यात संगीतकार सुधीर फडके होते, तरुण बाबासाहेब पुरंदरे होते. मराठी घरांत ही गोष्ट बहुतेक इथेच संपते: झेंडा उतरला, तिरंगा चढला. खरी विलक्षण गोष्ट त्यानंतर सुरू होते.

दादरा-नगर हवेली लगेच भारतात आलीच नाही. १९५४ पासून १९६१ पर्यंत, सात वर्षं, तिथला कारभार ‘वरिष्ठ पंचायत’ नावाची संस्था पाहत होती. प्रशासक होते, न्यायदान होतं, महसूल गोळा होत होता, वारली आणि कोकणा पाड्यांपर्यंत कारभार पोहोचत होता. राष्ट्र कशाला म्हणावं याची जी कसोटी १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराने घालून दिली, तिच्या चार अटी अशा: कायमची वस्ती, ठरलेला भूभाग, सरकार, आणि इतर राष्ट्रांशी व्यवहार करण्याची क्षमता. पहिल्या तीन अटी सिल्वासात पुऱ्या होत होत्या. तरी दादरा-नगर हवेलीला राष्ट्र कोणी म्हटलं नाही, भारतानेही नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्येच भारतावर खटला भरला होता आणि तो १९६० पर्यंत चालला. पोर्तुगालचं म्हणणं असं, की दमणहून आपल्या गावांत जायला भारताने वाट दिली पाहिजे.

या खटल्यात आपला, म्हणजे पेशव्यांचा, कागद हेगच्या टेबलावर आला. १७७९ च्या तहाने मराठ्यांनी पोर्तुगीजांना दमणजवळच्या गावांतून दर साल बारा हजार रुपयांचं उत्पन्न देऊ केलं होतं. १७८३ आणि १७८५ मध्ये त्याच्या सनदा झाल्या. पोर्तुगाल म्हणालं, या कागदांनी आम्हाला सार्वभौमत्व मिळालं. न्यायालयाने कागद वाचले आणि ते म्हणणं फेटाळलं. मराठ्यांनी दिला होता तो सरंजाम. गावाचा वसूल त्यांना मिळायचा, गावावरचं राज्य नव्हे. एवढं ऐकून मराठी वाचकाला बरं वाटेल, पण न्यायालय तिथे थांबलं नाही. मराठ्यांनी राज्य दिलं नसलं तरी त्यांच्या मागून आलेल्या इंग्रजांनी प्रत्यक्ष व्यवहारात पोर्तुगालची सत्ता मान्य केली, आणि पुढे भारतानेही मूकपणे ती चालू दिली. म्हणून त्या गावांवरचं पोर्तुगालचं सार्वभौमत्व न्यायालयाने गृहीत धरलं. मूळ सनदेत जे नव्हतं ते दुसऱ्याच्या मान्यतेने उभं राहिलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल दोन्ही पक्षांना थोडं थोडं देणारा होता. माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने वाट बंद केली त्यात त्याने कोणतंही कर्तव्य मोडलं नव्हतं. भारताच्या वतीने त्या पीठावर बसलेले न्यायाधीश होते मुंबईचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला.

पुढचं वर्ष आणखी नवलाचं. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव एकमताने केला. पण विलीनीकरणाचा करार करायचा तर दुसऱ्या बाजूला कोणीतरी राज्यप्रमुख हवा. मग गुजरात केडरचे के. जी. बदलाणी हे आयएएस अधिकारी एका दिवसापुरते दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान झाले आणि त्यांनी पंतप्रधान नेहरूंबरोबर करारावर सही केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून हा मुलूख केंद्रशासित प्रदेश झाला. ज्या राज्याला सात वर्षं कोणी मानलं नव्हतं, त्याला भारताने मानलं ते त्याचं अस्तित्व संपवणाऱ्या कागदावर सही घेण्यापुरतं. ही चेष्टा नव्हती. ज्याचा हक्क आहे त्याचीच सही लागते हे दिल्लीला नीट ठाऊक होतं, हे त्यातून दिसतं.

दोन धडे मी इथून घेतो. मान्यता वस्तुस्थितीमागे निमूट चालत नाही. कधी ती वस्तुस्थितीच्या आधी येते, कधी कितीतरी मागे राहते. आणि मान्यता देणारा नेहमी आपला हिशोब पाहून देतो.

दुसरी गोष्ट वसईतच घडली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव दुसरा कोकणात पळाला आणि इंग्रजांच्या जहाजातून डिसेंबरात वसईला उतरला. इकडे पुण्यात होळकरांनी बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवायची खटपट चालवली होती. म्हणजे पेशवा कोण याची दोन उत्तरं होती. ईस्ट इंडिया कंपनीने आपलं उत्तर निवडलं आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी कर्नल बॅरी क्लोजने वसईत बाजीरावाशी तह केला. कंपनीची फौज पुण्यात राहणार, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी करायची नाहीत. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांना कोणी विचारलं नाही. शिंदे-भोसल्यांनी तह मानला नाही. त्याचं उत्तर त्यांना पुढच्याच वर्षी असईच्या रणांगणावर मिळालं, आणि १८०३ च्या डिसेंबरात देवगाव व सुर्जी-अंजनगाव इथल्या तहांनी त्यांनाही वसईचा तह गिळावा लागला.

बाजीरावाला मान्यता मिळाली. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने त्याला पुण्यात आणून बसवलंही. पण त्याच्या दरबाराची नाडी पुढे कंपनीच्या रेसिडेंटच्या हाती राहिली, आणि १८१८ मध्ये ती गादीच उरली नाही. पॅलेस्टाईनला मान्यता देणाऱ्या देशांनी, आणि तिची वाट पाहणाऱ्या पॅलेस्टिनींनीही, वसईच्या तहाचं हे अंग लक्षात ठेवायला हवं. मान्यता ताबेदारीचंही साधन होऊ शकते. बाहेरची सत्ता कुणाला तरी खरा प्रतिनिधी ठरवते, त्याला मान देते, त्याचा खर्च चालवते, आणि त्या बदल्यात लोकांनी न दिलेल्या सह्या त्याच्याकडून घेते.

१९९३ च्या ऑस्लो करारानंतर पॅलेस्टिनी प्राधिकरणाचं काय झालं ते पाहिलं तर ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटणार नाही. वेस्ट बँकचा जवळजवळ साठ टक्के भाग, ज्याला ‘सी’ विभाग म्हणतात, संपूर्ण इस्रायली नियंत्रणात राहिला. पॅलेस्टाईनमध्ये येणाऱ्या मालावरची जकात इस्रायल गोळा करतं आणि प्राधिकरणाला देतं, आणि मनात आलं की रोखून धरतं. प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास २००५ मध्ये निवडून आले. २००६ ची कायदेमंडळाची निवडणूक हमासने जिंकली, पुढच्या वर्षी गाझा हमासच्या ताब्यात गेला, आणि त्यानंतर राष्ट्रीय निवडणूकच झालेली नाही. म्हणून मान्यता कुणाला द्यायची, अब्बास यांच्या सरकारला की पॅलेस्टिनी जनतेला, हा प्रश्न टाळता येत नाही. माझं उत्तर असं, की मान्यता राष्ट्राला असते, सरकारला नाही. १५७ देशांनी तसंच म्हटलं आहे. पण ते खरं ठरायचं असेल तर निवडणुकांचा आग्रहही त्याच देशांनी तितक्याच जोराने धरायला हवा.

आता भारताकडे येऊ. महात्मा गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं, की ज्यूंबद्दल त्यांना पूर्ण सहानुभूती आहे, पण पॅलेस्टाईन अरबांचं आहे आणि त्यांच्यावर ज्यूंना लादणं न्यायाचं होणार नाही. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या अकरा देशांच्या समितीत भारताचे प्रतिनिधी न्या. अब्दुर रहमान होते. त्यांनी इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर वेगळा अहवाल दिला: फाळणी नको, एकच संघराज्य हवं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, आणि भारताने विरोधात मत दिलं. स्वतःच्या फाळणीचं रक्त तेव्हा वाळलंही नव्हतं. वि. दा. सावरकरांनी मात्र महिन्याभरात, १९ डिसेंबर १९४७ रोजी, निवेदन काढून ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं आणि भारताच्या मतावर कडक टीका केली. आज महाराष्ट्रात या प्रश्नावर जे दोन सूर ऐकू येतात ते दोन्ही तेव्हाच लागलेले होते.

भारताने इस्रायलला मान्यता दिली ती १७ सप्टेंबर १९५० रोजी. १९५३ पासून मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास होता, पण दिल्लीत राजदूत आला तो १९९२ मध्ये पूर्ण संबंध जुळल्यावर. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं भारतातली इस्रायलची कचेरी महाराष्ट्राच्या राजधानीत होती. कारणही घरचंच होतं. अलिबाग, पेण, पनवेलच्या बाजूला शतकानुशतकं तेल गाळणारे बेने इस्रायली, ज्यांना कोकण ‘शनवार तेली’ म्हणून ओळखतं, त्या काळात मोठ्या संख्येने इस्रायलला चालले होते. तिथे त्यांनाही मान्यतेसाठी झगडावं लागलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी आंदोलनं केली, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचा ठराव केला. त्यामुळे इस्रायलच्या सुरक्षेची काळजी ही कोकणातल्या बऱ्याच घरांसाठी आपल्या नातलगांची काळजी आहे. ती मी हलकी मानत नाही.

आता मान्यतेला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे.

सगळ्यात जोराचा आक्षेप असा: ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशे ओलीस नेले, आणि जग त्याचं बक्षीस म्हणून राष्ट्र देतं आहे. त्या दिवशी मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना असं वाटलं तर त्यांना दोष देता येणार नाही. पण ज्या राष्ट्राला मान्यता मिळाली ते हमासचं नाही. १२ सप्टेंबर २०२५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४२ विरुद्ध १० मतांनी स्वीकारलेल्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात हमासच्या हल्ल्याचा स्पष्ट निषेध आहे, हमासने शस्त्रं खाली ठेवून सत्ता सोडावी अशी मागणी आहे. भारतानेही त्याच्या बाजूने मत दिलं. मान्यता अडवून ठेवली तर हमासचंच म्हणणं खरं ठरतं, की बोलण्याने काही मिळत नाही. गाझात त्या सप्टेंबरपर्यंत तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे पासष्ट हजारांहून जास्त माणसं मेली होती. त्यातल्या कोणाचा हक्क हमासच्या गुन्ह्याने बाद होतो, हे मला समजत नाही.

सीमाच ठरलेल्या नाहीत, मग राष्ट्र कसलं, असंही विचारतात. इस्रायलने १४ मे १९४८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि अमेरिकेने अकरा मिनिटांत त्याला मान्यता दिली. तेव्हा इस्रायलच्याही सीमा ठरलेल्या नव्हत्या. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले. आपण स्वतः बांगलादेशला ६ डिसेंबर १९७१ रोजी मान्यता दिली तेव्हा ढाका पाकिस्तानच्याच ताब्यात होतं. शरणागती दहा दिवसांनी झाली. जे राष्ट्र न्यायाने व्हायला हवं पण ज्याची जमीन दुसऱ्याने दाबली आहे, त्याला जमीन सुटण्याआधी मान्यता देता येते, हे भारताने प्रत्यक्ष करून दाखवलं आहे.

राष्ट्र वाटाघाटीतूनच व्हावं, एकतर्फी नको, या युक्तिवादाला तीस वर्षांचा पुरावा आहे आणि तो त्याच्या विरुद्ध जातो. ऑस्लोच्या वेळी पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकमध्ये एक लाखापेक्षा थोडे जास्त इस्रायली वसाहतवाले होते. आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत. जुलै २०२४ मध्ये इस्रायली संसदेने पॅलेस्टिनी राष्ट्राला विरोध करणारा ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी केला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लादर्शक मत दिलं, की व्याप्त प्रदेशातलं इस्रायलचं अस्तित्व बेकायदेशीर आहे. समोरचा पक्ष तुमचं अस्तित्वच नाकारत असताना त्याच्या संमतीची अट घालणं म्हणजे त्याच्या हाती नकाराधिकार देणं. सुरक्षा परिषदेत तो अमेरिकेने १८ एप्रिल २०२४ रोजी वापरलाच. पॅलेस्टाईनच्या पूर्ण सदस्यत्वासाठी १२ मतं पडली, आणि एका मताने ठराव संपला.

गोव्याची गोष्ट इथे पोर्तुगालकडूनच शिकण्यासारखी आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आदल्या दिवशी भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी आणला होता. त्याला सात मतं मिळाली, पण सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकाराने तो पडला. विरोधात मत देणाऱ्या चार देशांत इजिप्तचं, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त अरब प्रजासत्ताकाचंही, मत होतं. सालाझारच्या राजवटीत पोर्तुगाल गोवा आपलाच म्हणत राहिलं. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनला क्रांती झाली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे मारिओ सोआरेस यांनी करारावर सह्या केल्या. लष्करी ताकद भारताची होती, वस्तुस्थिती १९६१ पासून भारताची होती, तरीही ती सही मिळवण्यासाठी भारताने प्रयत्न केले. मान्यता निरर्थक असती तर चव्हाणांनी ती कशाला घेतली असती?

वसई-विरारमध्ये जमिनीचे वाद पाहिलेल्यांना हे सोपं करून सांगता येईल. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि कब्जा दुसऱ्याचा, अशी कितीतरी प्रकरणं इथे आहेत. नुसत्या नावाने पेरणी होत नाही. पण नाव खोडलं गेलं तर दावाच उभा राहत नाही, आणि कब्जेदार पहिल्या दिवसापासून तेच खोडायच्या मागे असतो.

मान्यतेने हाती काय पडतं त्याचं एक उदाहरण बेथलेहेममध्ये आहे. पापडी, गिरीज, सांडोर, निर्मळ अशा आमच्या धर्मग्रामांतून लोक पवित्र भूमीच्या यात्रेला जातात. जेरुसलेमपासून बेथलेहेम आठ-दहा किलोमीटर, पण मध्ये आठ मीटर उंच काँक्रीटची भिंत आणि तपासणी नाकं. यात्रेकरूच्या भारतीय पासपोर्टवर व्हिसा इस्रायलचा. ज्या राष्ट्राला भारताने १९८८ मध्ये मान्यता दिली, त्या राष्ट्रात भारतीय माणूस इस्रायलच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवू शकत नाही. नाक्यापलीकडे लाल पाटीवर इस्रायली नागरिकांना प्रवेश नाही असं लिहिलेलं असतं, म्हणून बहुतेक बसगाड्यांत तिथे पॅलेस्टिनी वाटाड्या चढतो. येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चचं दार इतकं ठेंगणं आहे की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. २०११ मध्ये युनेस्कोने पॅलेस्टाईनला सदस्य करून घेतलं आणि पुढच्याच वर्षी हे चर्च पॅलेस्टाईनच्या नावाने जागतिक वारसा यादीत गेलं, त्या देशाचं पहिलं स्थळ म्हणून. त्यानंतर छताची दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये ते धोक्यातल्या स्थळांच्या यादीतून बाहेर आलं. आमसभेत पॅलेस्टाईन निरीक्षक राष्ट्र झालं २०१२ मध्ये. त्या आधारावर ते २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं सदस्य झालं, आणि म्हणूनच ते न्यायालय आज तिथल्या गुन्ह्यांची चौकशी करू शकतं, हमासच्या आणि इस्रायलच्याही. हे कागदी मानायला मी तयार नाही.

व्हॅटिकनने जून २०१५ मध्ये ‘पॅलेस्टाईन राष्ट्रा’शी करार केला. वसईच्या कॅथलिक घरांत याची चर्चा फारशी झाली नाही याचं मला वाईट वाटतं. गाझातल्या एकमेव कॅथलिक चर्चला पोप फ्रान्सिस अखेरपर्यंत रोज संध्याकाळी फोन करत असत. मुंबईत तर बोलण्याच्या हक्कावरच वाद झाला. जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानात निदर्शनं करायची डाव्या पक्षांची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली आणि आपल्या देशापुढचे प्रश्न आधी पाहावेत अशा आशयाची टिप्पणी केली. ऑगस्टमध्ये पोलिसांनी परवानगी दिल्यावर ती निदर्शनं झाली. न्यायालयाचा मान राखून मला म्हणावंसं वाटतं, की परक्याच्या सार्वभौमत्वाची काळजी हा भारताचा जुना देशी विषय आहे. दादरा-नगर हवेलीच्या वेळी आणि गोव्याच्या वेळी परकी मतंच आपल्या कामी आली.

राहतो तो आक्षेप जो पॅलेस्टाईनचे मित्रच घेतात, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो: मान्यता ही काही सरकारांसाठी सुटकेची वाट झाली आहे. मान्यता द्यायची, भाषण करायचं, आणि शस्त्रं, व्यापार, वसाहतींतला माल यांना हात लावायचा नाही. भारताच्या बाबतीत हे फार दुखतं. आपण १९७४ मध्येच पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला मान्यता देणारा पहिला बिगर-अरब देश होतो. २०१८ मध्ये रामल्लाला जाणारे नरेंद्र मोदी पहिले भारतीय पंतप्रधान झाले. मे २०२४ मध्ये आमसभेत पॅलेस्टाईनच्या पूर्ण सदस्यत्वाला आपण पाठिंबा दिला. पण सप्टेंबर २०२४ मध्ये एका वर्षात ताबा सोडण्याची मागणी करणारा ठराव १२४ मतांनी मंजूर झाला तेव्हा भारत तटस्थ राहिला. जून २०२५ मध्ये तात्काळ युद्धबंदीच्या ठरावाला १४९ देशांनी होकार दिला, तेव्हाही भारत तटस्थ. जे राष्ट्र आहे असं आपण सदतीस वर्षं म्हणत आलो, त्याच्या जमिनीवरचा परका ताबा उठवा म्हणायची वेळ आली की आपण मत देत नाही. आणि मान्यता परतही घेता येते: पश्चिम सहारातल्या सहरावी प्रजासत्ताकाला भारताने १९८५ मध्ये दिलेली मान्यता २००० मध्ये काढून घेतली.

१० ऑक्टोबर २०२५ ला गाझात युद्धबंदी लागू झाली. १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २८०३ मंजूर करून गाझाचा कारभार अमेरिकी अध्यक्षांच्या नेतृत्वाखालच्या एका मंडळाकडे आणि आंतरराष्ट्रीय फौजेकडे सोपवला. राष्ट्राचा उल्लेख त्यात आहे, पण प्राधिकरणाच्या सुधारणा आणि पुनर्बांधणी पुढे सरकल्यावरची शक्यता म्हणून. फौज बाहेरची, कारभारावर देखरेख बाहेरची, आणि लोकांची सही नंतर कधीतरी. हा तह आमच्या किल्ल्यात एकदा झालेला आहे.

भारताने काय करावं? या मंडळाच्या कामाला जी मुदत आहे तिच्या आतच पॅलेस्टाईनमध्ये निवडणूक व्हावी, असा ठराव आमसभेत मांडायला पुढाकार घ्यावा. वसाहतींतून येणारा माल वेगळा नोंदवावा. इस्रायलबरोबरच्या शस्त्रव्यवहाराचा हिशोब संसदेपुढे ठेवावा. आणि ताबा उठवण्याचा ठराव पुन्हा आमसभेत येईल तेव्हा तटस्थ राहू नये.